गंधार तीनशेचा की तीनशे दोनचा?

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल डेप्युटी कलेक्टरच्या हुद्द्यावरून निवृत्त झाले आणि तार मोजत बसले. ताणलेली तार, तिच्याखाली सरकवता येणारी घोडी, शेजारी मोजपट्टी आणि समोर गाणारा गळा. गवई सूर लावी, तारेचा आवाज त्या सुराला मिळेपर्यंत घोडी सरके आणि मग तारेची लांबी टिपली जाई. लांबीवरून गुणोत्तर निघे, गुणोत्तरावरून आंदोलनसंख्या. गळा साधासुधा नव्हता. किराना घराण्याचे अब्दुल करीम खाँ या कामात देवलांबरोबर होते. १९१० साली देवलांचे बावीस श्रुतींवरचे इंग्रजी पुस्तक पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यातून निघाले आणि महसूल खात्यातल्या या माणसाचे नाव संगीतशास्त्राच्या चर्चेत कायमचे शिरले.

प्रश्न म्हटला तर बारीक होता. षड्ज २४० आंदोलनांचा धरला, तर शुद्ध गंधार किती आंदोलनांचा? तंबोरा सांगतो ३००. विलायतेहून आलेली पेटी सांगते ३०२.४. या दोन-अडीच आंदोलनांवर पुढे परिषदा गाजल्या, मैत्र्या तुटल्या, आकाशवाणीवर एका वाद्याला तीन दशके बंदी आली, आणि पेटीचे कारागीर आजही गिऱ्हाइकाला विचारतात, “ट्यूनिंग कोणतं करायचं?”

हा वाद कृष्णाकाठी इतका रंगला, याचे नवल वाटायला नको. पलूसपासून सांगली तीसेक किलोमीटर आणि तिथून पुढे दहाएक किलोमीटरवर मिरज. एवढ्या टापूत सुराचा सारा संसार आहे. पलूसने विष्णु दिगंबरांना आडनाव दिले. घराणे मूळचे गाडगीळांचे, पण गावावरून पलुस्कर झाले. त्यांचा जन्म १८७२ सालचा, कुरुंदवाडचा. त्यांना गाणे मिळाले मिरजेत, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे, आणि १९३१ साली देह ठेवला तोही मिरजेतच. पलूस तालुक्यातले नागठाणे हे बालगंधर्वांचे गाव. एकाने गाणे दरबारातून काढून शाळेच्या वर्गात नेले, दुसऱ्याने ते नाटकाच्या तिकिटावर घराघरांत पोचवले. वर्ग म्हटला की पेटी आली आणि नाटक म्हटले की पायपेटी, नंतर ऑर्गन. म्हणजे ३०२.४चा गंधार महाराष्ट्राच्या कानात मुरवणाऱ्या दोन्ही वाटा याच टापूतून जातात.

आणि ३००चा गंधार? तोही इथलाच. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तंबोरे बनतात. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी हा धंदा उचलला, फरीदसाहेब सतारमेकरांचे नाव त्यात पहिले घेतले जाते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याची जवारी नीट लागली, घोडीवर तारेखाली सुताचा धागा नेमक्या जागी बसला, की खर्जाची तार छेडल्यावर तिच्यातून वरचा एक सूर आपोआप उमटतो. कोणी तो लावलेला नसतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. हा खर्जाच्या पाचपट आंदोलनांचा असतो. मध्यसप्तकात आणला की षड्जाशी त्याचे नाते ५:४, म्हणजे २४०ला ३००. ज्या गवयाचा कान रोज पहाटे त्या गंधारावर पोसला गेला, त्याच्या शेजारी पेटीचा गंधार वाजला की काय होते, तेही मोजता येते. २४०च्या षड्जाबरोबर ३०२.४चा गंधार दाबून धरा. दोन्ही सुरांतले वरचे स्वर एकमेकांवर आदळतात आणि सेकंदाला साडेनऊ हेलकावे ऐकू येतात. पंचमाचे तसे नाही. पेटीचा पंचम ३६०च्या जागी ३५९.६चा असतो आणि त्याचा हेलकावा सेकंदाला एकसुद्धा पुरा होत नाही. म्हणूनच पेटीवर वैतागलेला गवई पंचमाबद्दल सहसा काही बोलत नाही, सगळा राग गंधार, धैवत आणि निषादावर काढतो.

मग पेटी बनवणाऱ्यांना शुद्ध सूर लावता येत नव्हते का? येत होते. अडचण कारागिरीची नाही, गणिताची आहे, आणि ती युरोपला आपल्या आधी चारशे वर्षे छळत होती.

षड्जावरून शुद्ध पंचम घ्या. त्या पंचमाला षड्ज मानून त्याचा पंचम घ्या, तो रिषभ. त्याचा पंचम धैवत, त्याचा पंचम गंधार. सा, प, रे, ध, ग: चार उड्यांत गंधार आला, पण खालच्या सप्तकात उतरवला तर तो ३०० नाही, ३०३.७५ भरतो. अशाच बारा उड्या मारल्या की पुन्हा षड्जावर यायला हवे. येतो तो २४०वर नाही, २४३.३वर. सगळे पंचम शुद्ध ठेवले तर गंधार बिघडतो आणि वर्तुळही मिटत नाही. सगळे गंधार शुद्ध ठेवले तर पंचम लंगडतात. सप्तकात बाराच पट्ट्या असतील, तर ही उरलेली चिंधी कुठे ना कुठे लपवावीच लागते. कुठे लपवायची याच्या निरनिराळ्या रीतींना युरोपात टेंपरामेंट म्हणतात.

सोळाव्या शतकात इटलीच्या पिएत्रो आरोनने जी रीत लिहून ठेवली (१५२३), तिच्यात पंचम थोडे थोडे कापून आठ गंधार अगदी शुद्ध मिळवले होते. किंमत एकाच जागी मोजली: बाकी सगळा कचरा एका पंचमात कोंबला. तो पंचम असा विव्हळे की ऑर्गनवाले त्याला लांडगा म्हणत. लांडग्याच्या वाटेला न जाणाऱ्या रचना लिहायच्या, एवढेच बंधन. पुढे संगीतकारांना बाराही स्वरांवरून वाजवायची हौस आली, तेव्हा जर्मनीतल्या आंद्रेआस वेर्कमाइस्टरने १६९१ साली लांडग्याचे तुकडे करून ते चारपाच पंचमांत वाटून टाकले. आता कुठल्याही स्वराला षड्ज करता येई, पण प्रत्येक षड्जाचा स्वाद वेगळा: एकावरचा गंधार शांत, दुसऱ्यावरचा ताणलेला. बाखचा १७२२चा चोवीस स्वरपट्ट्यांमधला प्रसिद्ध संग्रह याच जातीच्या जुळणीसाठी होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात. सगळे पंचम सारखेच कापून बाराही पट्ट्या एकाच अंतरावर बसवणारी आजची समान जुळणी कागदावर जुनीच. चीनमध्ये चू त्साययू या राजपुत्राने तिचे गणित १५८४ साली मांडले होते. पियानोवर ती उशिरा बसली. लंडनच्या ब्रॉडवुड कारखान्याने ती १८४६च्या सुमाराला स्वीकारली, तरी १८८५ साली अलेक्झांडर एलिसने तिथल्या निष्णात ट्यूनरांचे पियानो मोजले तेव्हा तेही काटेकोर समान निघाले नाहीत. अमेरिकेच्या ओवेन जॉर्गेन्सनने १९९१च्या आपल्या जाडजूड ग्रंथात तर असा दावा केला, की कानाने खरीखुरी समान जुळणी करण्याची रीत १९१७नंतरच ट्यूनरांच्या हाती आली. शोपँच्या बोटांखालचा पियानो आजच्या पियानोपेक्षा वेगळ्या सुरात होता, असे म्हणणाऱ्यांना इथे आधार मिळतो. आज युरोप-अमेरिकेत काही वादक पियानोच्या सव्वादोनशेवर तारा पुन्हा पिळून त्या जुन्या जुळण्या लावून घेतात. मधले एक सप्तक कानाने हेलकावे मोजत बसवायचे, मग ते खाली-वर उतरवायचे. नको वाटले तर चाव्या फिरवून परत पूर्ववत.

पेटीत ही सोय नाही.

पेटीचा सूर म्हणजे पितळी पट्टीवर बसवलेली पितळेची पातळ जीभ. टोकाशी खरवडली की ती हलकी होते आणि सूर चढतो. बुडाशी खरवडली की लवचीक होते आणि सूर उतरतो. कारागीर एका हाताने भाता चालवतो, पट्टी दाबतो, ऐकतो, झडप उघडून सूर बाहेर काढतो, कानशीचा एक हलका हात मारतो आणि पुन्हा पेटीत बसवून ऐकतो. बाहेर ऐकून भागत नाही, कारण लाकडाच्या पोटात गेल्यावर तोच सूर थोडा हलतो. पेटीत नर, मादी आणि खरज अशा दोनतीन ओळी असल्या तर हे प्रत्येक पट्टीमागे दोनतीनदा. आणि गेलेले पितळ परत येत नाही. टोक जास्त खाल्ले तर बूड खाऊन सूर उतरवायचा, बूड खाल्ले तर टोक. एकाच पेटीची जुळणी वारंवार बदलणे म्हणजे तिचे आयुष्य कानशीने कमी करणे. पियानोवाल्याची जुनी जुळणी ही एका संध्याकाळची हौस असू शकते. पेटीवाल्याला जन्माची गाठ बांधावी लागते.

देवलांचा मार्ग वेगळा होता. त्यांना एर्नेस्ट क्लेमेंट्स हा आयसीएस न्यायाधीश येऊन मिळाला. दोघांच्या पुढाकाराने १९११ साली फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया निघाली, १९१३ साली क्लेमेंट्सचे भारतीय संगीतावरचे पुस्तक आले आणि लंडनच्या मूर अँड मूर या वाद्यनिर्मात्यांकडून श्रुतिहार्मोनियम बनवून घेतली गेली: सप्तकात बारा नव्हे, बावीस श्रुती देणारी. कुठली चिंधी कुठे लपवायची हा प्रश्नच त्यांनी मोडीत काढला. लपवायचे काहीच नाही, गंधार ३००चा हवा तर ३००ची पट्टी, ३०३.७५चा हवा तर तीही पट्टी. कल्पना एकट्या सांगलीची नव्हती. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८६३च्या आपल्या ग्रंथात शुद्ध सुरांची बाजू हिरिरीने मांडली होती. त्याच्या मागून इंग्लंडच्या बोसँक्वेटने सप्तकाचे त्रेपन्न भाग करणारी हार्मोनियम बनवली आणि बर्लिनमध्ये शिकणाऱ्या तानाका शोहे या जपानी तरुणाने वीस पट्ट्यांची. जगभर काही हट्टी माणसे आगेमागे पितळेला शुद्ध बोलायला शिकवत होती आणि त्यांतला एक हट्टी माणूस सांगलीत राहत होता. या नकाशावर त्याचे नाव सहसा कोणी लिहीत नाही.

१९१६च्या मार्चमध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाखाली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. देवल-क्लेमेंट्स यांच्या श्रुती तिथे चर्चेला आल्या आणि विष्णु नारायण भातखंडे त्यांच्या विरुद्ध उभे राहिले. व्यवहारात गाणे बारा स्वरांवर चालते, शिकवायचे आणि लिहायचे तर पाया तोच, ही भातखंड्यांची बाजू. त्यांच्याही हातात तारच होती. सतराव्या शतकातल्या अहोबलाने ‘संगीतपारिजात’ ग्रंथात वीणेच्या तारेची लांबी वाटून स्वरस्थाने सांगितली होती आणि भातखंड्यांनी ती छत्तीस इंची तारेवर मांडून दाखवली. म्हणजे दोन्ही पक्ष तारच मोजत होते, फक्त एक गळ्यावरून तारेकडे जात होता आणि दुसरा ग्रंथावरून. बडोद्यात श्रुतिहार्मोनियमचा विजय झाला नाही. ती दिवाणखान्यांतून गावोगावी गेली नाही, मैफलीत रुळली नाही.

देवल हरले ते चुकीचे मोजले म्हणून नव्हे. त्यांची मापे पुष्कळशी बरोबर होती, आजही शुद्ध जुळणी करणारा कारागीर त्याच गुणोत्तरांना हात घालतो. त्यांनी एक गोष्ट गृहीत धरली: प्रत्येक श्रुतीचे घर पक्के आहे आणि गवई त्या घरात राहतो. गवई तसा राहत नाही. तो गंधारावर उभा राहतो तेव्हा तंबोऱ्याला मिळतो, आणि तोच गंधार चढताना ओझरता घेतो तेव्हा कुठेही असू शकतो. बावीस पट्ट्यांची पेटी त्याच्या मागे धावू लागली, तर वादकाच्या दहा बोटांची तारांबळ उडणारच.

त्याच १९१६ सालात गंधर्व नाटक मंडळीचे ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आले. चाली भास्करबुवा बखल्यांच्या, म्हणजे खानदानी रागदारीच्या. पुढे या मंडळीच्या साथीला अहमदजान तिरखवाँचा तबला, कादरबक्षांची सारंगी आणि हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन असे. ऑर्गन विलायती समान जुळणीचा, सारंगी तारेवर कुठेही थांबू शकणारी, आणि मधे बालगंधर्वांचा गळा. बडोद्यातल्या विद्वानांनी कोणाच्या बाजूने मत दिले याच्याशी प्रेक्षकांना देणेघेणे नव्हते. पायाने भाता हाणत दोन्ही हात मोकळे ठेवणारे, थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारे, गायक श्वास घेत असताना सूर धरून ठेवणारे वाद्य नाटकाला हवे होते. ते मिळाले आणि त्याच्या गंधाराची सवय झाली. गोविंदराव टेंब्यांसारख्या कोल्हापूरकडच्या माणसाने तर पेटीला साथीतून उचलून स्वतंत्र वादनाला बसवले. ‘मानापमान’च्या (१९११) चाली बांधणारे हेच टेंबे. ज्या हातांनी पेटी इतकी बोलती केली, त्यांच्यासमोर तिच्या श्रुतींचा हिशेब मांडणे रसिकांना अप्रस्तुत वाटले असेल तर त्यांना दोष कसा द्यावा?

दिल्लीत मात्र हिशेब मांडला गेला. ऑल इंडिया रेडिओत पाश्चात्त्य संगीताचे काम पाहणारे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी १९३८ साली पेटीवर जळजळीत लेख लिहिला. हा माणूस स्वतः आपल्या रचनांत पाव स्वर वापरणारा, त्यामुळे त्याचा कान दुखत होता हे खरे असावे. रवींद्रनाथांचेही पेटीशी पटत नव्हते. लायोनेल फील्डन हे नभोवाणीचे नियंत्रक असताना १ मार्च १९४० पासून पेटी बंद झाली, ती १९७१ साली, आदल्या वर्षीच्या परिसंवादानंतर, मर्यादित स्वरूपात परत आली. या तीस वर्षांत रेडिओवर सारंगी होती आणि रेडिओबाहेर सगळीकडे पेटीच होती. पलूस, बुर्ली, अंकलखोपच्या भजनी मंडळांना दिल्लीच्या बंदीने काही फरक पडायचे कारण नव्हते. पखवाज, टाळ, वीणा आणि पेटी: एकादशीचे साहित्य ठरलेले.

आता गंमत अशी, की जो मार्ग युरोपने सोडला तो पेटीने अलीकडे धरला आहे. महाराष्ट्रात त्याला गंधार ट्यूनिंग म्हणतात. बावीस पट्ट्या नाहीत, बाराच. पण एक षड्ज कायमचा ठरवायचा आणि बाकी अकरा स्वर त्याच्याशी शुद्ध नात्याने बसवायचे. रीत पाहण्यासारखी आहे. तंबोरा लावून प्रथम षड्ज, मग पंचम आणि मध्यम हेलकावा थांबेपर्यंत. गंधार तंबोऱ्याच्या स्वयंभू गंधाराला मिळवायचा: ३००. गंधाराचा पंचम म्हणजे निषाद: ४५०. मध्यमाचा गंधार म्हणजे धैवत: ४००. पंचमाचा पंचम खाली आणला की रिषभ: २७०. कोमल स्वर उलटे काढायचे. पंचम ज्याचा गंधार ठरेल तो कोमल गंधार, २८८. तार षड्ज ज्याचा गंधार ठरेल तो कोमल धैवत, ३८४. मध्यम ज्याचा गंधार तो कोमल रिषभ, २५६. अशी पेटी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती किंचित उतरल्यासारखी वाटते, कारण कान ३०२.४ला सरावलेले असतात. तंबोऱ्यात मिसळली की मग ती कुठे संपते आणि तंबोरा कुठे सुरू होतो, हे पटकन सांगता येत नाही.

लांडगा इथेही आहेच, फक्त लपला आहे. त्याच पेटीवर रिषभ आणि धैवत एकदम दाबा. २७०चा शुद्ध पंचम ४०५ असायला हवा आणि धैवत आहे ४००. सेकंदाला दहा हेलकावे, म्हणजे समान जुळणीच्या गंधारापेक्षाही वाईट. एकट्या गवयाच्या साथीत हे दोन स्वर एकत्र दाबायची वेळ येत नाही म्हणून झाकून जाते. षड्ज बदलला की उघडे पडते. पेटी काळी एकच्या षड्जाला जुळवलेली आहे आणि काळी दोनचा गायक येऊन बसला, तर जुना रिषभ हा त्याचा षड्ज आणि जुना धैवत हा त्याचा पंचम. ज्याच्या पंचमालाच कीड लागली तो गाणार काय! म्हणून अशी पेटी बाळगणारे वादक एकापेक्षा अधिक पेट्या ठेवतात, नाहीतर ठरावीक गायकांचीच साथ पत्करतात. इथे स्केलचेंजर उपयोगी पडेल असे वाटते, पण त्यात पट्ट्यांची फळी सरकते आणि सूर जागच्या जागीच राहतात. षड्ज कोणत्याही सुरावर नेता यावा याचसाठी ती पेटी असल्याने तिचे सारे सूर समान अंतरावरच हवेत. सोयीची सगळ्यांत पुढारलेली पेटी आणि शुद्धतेची पेटी यांचे जमत नाही ते यामुळे.

मुंबईचे डॉ. विद्याधर ओक यांनी देवलांचे काम दुसऱ्या बाजूने हातात घेतले. त्यांच्या बावीस श्रुतींच्या हार्मोनियममध्ये पट्ट्या बाराच दिसतात. षड्ज-पंचम सोडून उरलेल्या दहा स्वरांना दोनदोन सूर आहेत आणि प्रत्येक स्वराची एकेक खुंटी. धैवत ४००चा हवा की ४०५चा, हे राग सुरू होण्याआधी खुंटी ओढून ठरवायचे. बोटांना नवे काही शिकावे लागत नाही, ही देवल-क्लेमेंट्सच्या यंत्रावरची मोठी सुधारणा. राग मध्येच बदलला, किंवा एकाच रागात चढताना एक धैवत आणि उतरताना दुसरा लागला, तर प्रश्न उरतोच. मींड तर कुठलीच खुंटी देत नाही.

बाजारात आज काय खपते, ते कारागीर मोकळेपणाने सांगतात. शास्त्रीय साथीला बसणारे वादक गंधार ट्यूनिंग मागतात, आपला षड्ज सांगतात आणि काम होईपर्यंत समोर बसून राहतात. भजनी मंडळांना आणि शाळांना स्केलचेंजर लागते. एका भजनात बुवा काळी दोनला गातात, त्यांच्यामागून उठणारा पोरगा काळी चारला, आणि महिला मंडळाचा सूर आणखी कुठे. पेटी एकच, वर्गणीतून घेतलेली. तिने प्रत्येकाला थोडे थोडे बेसूर व्हावे, पण कोणाला अजिबात अडवू नये, अशी मंडळाची अपेक्षा असते, आणि समान जुळणी ती पुरी करते.